सेवाभावाचा आणि मिनिटांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या साली दोनशे वर्षे पूर्ण होत होती, एवढेच त्याचे निमित्त. त्याच वर्षी कोविडची साथ आली, आणि समारंभापुरते ठरलेले हे वर्ष खरोखरच परिचारिकांचे ठरले. २२ मार्चला लोकांनी घराघरांतून टाळ्या व थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी सैन्यदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. साथ ओसरताच तिच्यासाठी कंत्राटावर घेतलेल्या अनेक परिचारिकांना घरी पाठवण्यात आले. त्या वेळी टाळ्याही वाजल्या नाहीत आणि फुलेही पडली नाहीत. दर वर्षी १२ मे रोजी मात्र त्यांच्या सेवाभावाचा व त्यागाचा गौरव करणारी भाषणे नेमाने होतात. ही भाषणे खोटी असतात असे नव्हे. पण ज्या गोष्टीची किंमत द्यायची नसते, तिचा गौरव करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि शुश्रूषेच्या बाबतीत ती रीत अंगवळणी पडली आहे.

अलीकडे या गौरवाच्या भाषेत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. ‘रुग्णकेंद्री शुश्रूषा’ हा तो शब्द. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत तो आहे, खासगी रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत आहे, आणि सरकारी परिपत्रकांतही तो आढळू लागला आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००१ साली आरोग्यसेवेच्या गुणवत्तेविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. चांगल्या उपचारांच्या ज्या सहा कसोट्या त्यात सांगितल्या, त्यांतील एक रुग्णकेंद्रिततेची होती. रुग्णाची इच्छा, त्याची गरज आणि त्याची मूल्ये यांचा मान राखून उपचार व्हावेत, असा तिचा आशय. कल्पना उत्तम आहे, आणि तिला विरोध करणारा कोणी भेटणार नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली स्वीकारलेली व नंतर वेळोवेळी सुधारलेली आचारसंहिताही वेगळ्या शब्दांत हेच सांगते: रुग्णाची प्रतिष्ठा जपावी, त्याचे गुपित राखावे, त्याच्या हिताआड कोणी येत असेल तर त्याविरुद्ध बोलावे. तेव्हा मूल्ये कोणती असावीत याविषयी वाद नाही. ती पाळायला काय लागते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नीतिशास्त्राच्या पुस्तकात शोधण्याआधी घड्याळात शोधले पाहिजे.

आठ तासांची पाळी म्हणजे चारशे ऐंशी मिनिटे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. तिन्ही पाळ्यांत हे बळ वाटले, तर दर पाळीला नऊ रुग्णांमागे एक, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला साधारण ५३ मिनिटे. इतर सामान्य रुग्णालयांत पाच खाटांमागे एक हे प्रमाण. पाळीला पंधरा रुग्ण, प्रत्येकी ३२ मिनिटे. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा बळ धरावे, असेही हे प्रमाण सांगते. हा झाला कागद. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांच्या मोठ्या वॉर्डांत रात्रपाळीला एका अधिपरिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असणे ही नवलाची गोष्ट उरलेली नाही. चाळीस रुग्ण धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. या बारा मिनिटांत सलाईन बदलणे, इंजेक्शन देणे, रक्तदाब पाहणे, ताप नोंदवणे, औषधांची वही भरणे, डॉक्टरांच्या फेरीबरोबर हिंडणे, नवीन दाखल झालेल्याचे कागद करणे आणि एखादा दगावला तर त्याची पुढची व्यवस्था पाहणे, हे सारे बसवायचे असते. त्यातही एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला की त्याच्यापाशी तास-दीड तास जातो आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांची बारा मिनिटे दहा-अकरावर उतरतात.

मग ज्याला शुश्रूषा म्हणतात ते कोणी करायचे? म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, हात थरथरणाऱ्याला चमच्याने पेज भरवणे, शस्त्रक्रियेआधी घाबरलेल्या बाईजवळ पाच मिनिटे बसणे, तिला समजेल अशा भाषेत उद्या काय होणार ते सांगणे. रुग्णकेंद्री शुश्रूषा म्हणतात ती हीच, आणि घड्याळाच्या हिशेबात नेमकी हीच बसत नाही. परिचारिकेला आपल्या कामांत निवड करावी लागते. ती प्रथम तीच कामे उरकते, जी न केल्यास रुग्ण दगावेल किंवा वहीत कोरी जागा दिसेल. कुशीवर न वळवल्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ती रुग्णाच्या पाठीवर होते, आणि तीही आठवड्याने.

आपल्याकडे या पोकळीत नातेवाईक उभा असतो. आपले सरकारी रुग्णालय चालते ते एका न लिहिलेल्या गृहीतकावर: प्रत्येक रुग्णाबरोबर घरचे एक माणूस असेल. ते रात्री खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून निजेल, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचवील, बाहेरच्या दुकानातून औषध आणील, बेडपॅन देईल, सलाईन संपत आली की ‘सिस्टर’ म्हणून हाक मारील. स्ट्रेचर ढकलायला मामा जागेवर नसेल तर तेही तेच ढकलील. आपल्या माणसाची सेवा करण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि आजाऱ्याला घरचे माणूस जवळ असल्याचा धीरही असतो, हे खरेच. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक विलक्षण व्यवहार होत असतो. परिचारिकेचे पद रिक्त ठेवल्याने सरकारचा पगार वाचतो. ते काम मात्र नाहीसे होत नाही. ते बीड किंवा नंदुरबारहून आलेल्या शेतमजुराच्या बायकोकडे किंवा भावाकडे जाते. त्याची पंधरा दिवसांची मजुरी बुडते, कारकून असेल तर रजा संपते, मुलगी असेल तर तिची शाळा सुटते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवला जात नाही, म्हणून तो झालाच नाही असे मानले जाते. वास्तविक तो राज्यातील सर्वांत गरीब माणसांवर बसवलेला कर आहे. ज्याला नातेवाईकच नाही, अशा फुटपाथवरून उचलून आणलेल्या रुग्णाचे काय होते, हे प्रत्येक शासकीय रुग्णालयातील आयाबाईला आणि मावशीला ठाऊक असते.

यावर एक उत्तर असे दिले जाते की, इतर क्षेत्रांप्रमाणे रुग्णालयांतही उत्पादकता वाढवावी. यंत्रे आणावीत, संगणक आणावेत, म्हणजे तेवढ्याच माणसांत अधिक काम होईल. नोंदींच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. पण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखवून दिले होते की, काही कामे अशी असतात ज्यांत लागणारा वेळ हेच कामाचे स्वरूप असते. चौघा वादकांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात व जेवढ्या माणसांत वाजत असे, तेवढीच आजही लागते, हा त्यांचा दाखला. आपल्याकडचा दाखला घ्यायचा तर विलंबित ख्याल द्रुत लयीत आटोपून कोणी वेळ वाचवला, असे म्हणता येणार नाही. कारखान्यात यंत्राने कामगाराची उत्पादकता दसपट होते व त्याबरोबर वेतनेही वाढतात. मग शुश्रूषेसारखी कामे तुलनेने महाग होत जातात. ज्या समाजाला ही किंमत द्यायची नसते, तो दोनच गोष्टी करू शकतो. माणसे कमी करणे ही एक. उरलेल्यांना स्वस्तात राबवणे ही दुसरी. आपण दोन्ही एकदम करीत आलो आहोत.

स्वस्तात राबवण्यासाठी सेवाभाव हा शब्द फार उपयोगी पडतो. २००५ साली अँथनी हेज या अर्थशास्त्रज्ञाने एका आरोग्य-अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात गणिताच्या आधारे असा युक्तिवाद केला की, परिचारिकेचा पगार वाढवला तर ज्यांना या कामाची ओढ नाही असे लोकही त्यात शिरतील. म्हणून कमी पगार हाच खऱ्या सेवाभावी परिचारिका निवडण्याचा मार्ग ठरू शकतो. पुढच्याच वर्षी ज्युली नेल्सन व नॅन्सी फोल्बर या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी त्याला उत्तर दिले. पैसा आणि प्रेम एकमेकांचे वैरी आहेत हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जिला घरभाडे भागत नाही, अशा सेवाभावी परिचारिकेलाही हे काम सोडावे लागते; मग कमी पगाराने निवड झाली ती सेवाभावाची की निरुपायाची? हेज यांचे तर्कशास्त्र खरे मानायचे तर ते न्यायाधीशांना, सनदी अधिकाऱ्यांना आणि हृदयशल्यविशारदांनाही लावले पाहिजे. त्यांच्याबाबत मात्र नेमके उलटे बोलले जाते. चांगली माणसे यावीत व ती मोहात पडू नयेत म्हणून पगार भरपूर हवा, असे तेथे सांगतात. तात्पर्य, सेवाभावाच्या या सिद्धांताला पदाची आणि बव्हंशी लिंगाचीही जाण आहे.

शिक्षकांना हे सांगायला नको. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षणसेवक’ ही योजना आली, तेव्हा प्राथमिक शाळेतील पात्रताधारक तरुणाला दरमहा ३,००० रुपये देण्यात येत होते, आणि त्या रकमेला वेतन न म्हणता मानधन म्हणत. आशा ‘स्वयंसेविका’ आहेत, म्हणून त्यांनाही वेतन नाही. मराठीत ज्या कामाच्या नावात सेवा येते आणि ज्याच्या मोबदल्यात मान येतो, तेथे धन थोडेच असते, असा जणू नियमच झाला आहे.

मूल्यांचा उपदेश आणि माणसांची काटकसर एकाच वेळी केली की काय होते, याचा सर्वांत सविस्तर पुरावा इंग्लंडमध्ये मिळतो. मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टच्या अधिपत्याखालील स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले, त्यांची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस या कायदेपंडितांनी केली. त्यांचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये तब्बल २९० शिफारशींसह प्रसिद्ध झाला. रुग्ण तासन्‌तास मळलेल्या चादरींवर पडून राहत. जेवणाची ताटे हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून तशीच परत नेली जात. घंटा वाजवूनही कोणी येत नसे. हे युद्धग्रस्त देशात घडले नाही. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा ज्याला सार्थ अभिमान आहे अशा देशात घडले. स्टॅफर्डच्या व्यवस्थापनाला त्या वेळी अधिक स्वायत्त दर्जा मिळवायचा होता. त्यासाठी जमाखर्चाचा मेळ दाखवणे आवश्यक होते. २००६-०७ मध्ये एक कोटी पौंडांची काटकसर ठरली आणि सुमारे दीडशे पदे कमी करण्यात आली. आपत्कालीन विभागात चार तासांच्या आत रुग्णाची सोय लावण्याचे लक्ष्य होते. ते गाठल्याचे दिसावे म्हणून वेळा खोट्या लिहिल्या जात. त्या विभागातील एका परिचारिकेने याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या, तेव्हा सहकाऱ्यांच्या धमक्या तिच्याच वाट्याला आल्या. ट्रस्टला तो स्वायत्त दर्जा २००८ साली मिळालाही.

स्टॅफर्डच्या परिचारिका जन्मतः निर्दय होत्या असे कोणी म्हणणार नाही. एकीला एकाच वेळी पाच घंटा ऐकू येतात, तेव्हा पहिल्या महिन्यात ती पाचही ठिकाणी धावते, सहाव्या महिन्यात दोन ठिकाणी जाते आणि वर्षाने तिला घंटाच ऐकू येईनाशी होते. मन शाबूत ठेवण्याचा तो एक उपाय असतो. बाहेरून त्याला निष्काळजीपणा म्हणतात. अमेरिकेत लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवून दिले की, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढतो. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही आकडा तोच निघाला. येथे प्रश्न केवळ गोड बोलण्याचा नसून प्राणांचा आहे, एवढे यावरून कळावे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून २००४ पासून प्रत्येक विभागात परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे बांधून दिले. वेल्सने २०१६ साली याच विषयावर स्वतंत्र कायदा केला.

याचा अर्थ सर्व दोष अपुऱ्या संख्येवर ढकलून मोकळे व्हावे, असा मात्र नाही. सरकारी प्रसूतिगृहांत कळा देणाऱ्या बाईला जी शिवीगाळ ऐकावी लागते, कधी चापटही बसते, तिचा मनुष्यबळाच्या टंचाईशी थेट संबंध लावता येणार नाही. शिवी द्यायलाही धीराच्या शब्दाइतकाच वेळ लागतो. केंद्र सरकारला २०१७ साली ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आणून प्रसूतिकक्षात स्त्रीला सन्मानाने वागवा हे सांगावे लागले, यातच सारे आले. तीच परिचारिका तहसीलदाराची पत्नी दाखल झाली की मृदू बोलते आणि पारध्याची बायको आली की तिची भाषा बदलते, असा अनुभव असेल तर तेथे घड्याळाचा हिशेब लागू पडत नाही. तो जातीचा आणि वर्गाचा हिशेब आहे. परिचर्येच्या संघटना पगार व पदांविषयी जेवढ्या जागरूक असतात, तेवढ्या याबाबतीत दिसत नाहीत, ही टीका त्यांनी ऐकून घेतली पाहिजे. व्यवसाय म्हणून मान हवा असेल, तर व्यवसायाने आपल्यांतील दोषींना स्वतः जाब विचारायचा असतो. वकील-डॉक्टरांच्या परिषदा हे काम फारसे चांगले करतात असे नाही, पण त्यांचा कित्ता गिरवण्याचे कारण नाही.

मूल्ये केवळ भाषणांतून येत नाहीत, तशीच ती केवळ पगारातूनही येत नाहीत. ती एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे, जुन्या परिसेविकेकडून नव्या मुलीकडे जात असतात. या वहिवाटीचा जगाने दखल घ्यावी असा दाखला मुंबईतच घडला. परळच्या केईएम रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोवर सुमारे साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. शेवटच्या वर्षांत त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या कित्येक मुली हल्ल्याच्या वेळी जन्मालाही आलेल्या नव्हत्या. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाच्या अंगावर बेडसोर पडू दिला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेही कौतुकाने नोंदवली. ज्याने कधी घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सहा महिने सेवा केली असेल, त्यालाच या एका वाक्याचा अर्थ नीट कळेल.

हे केवळ ममतेने घडले, असे म्हणणे मात्र अपुरे आहे. ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणा शानबाग यांना अन्यत्र हलवण्याचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो बेत हाणून पाडला. ज्यांची नोकरी कायम होती आणि ज्यांच्यामागे संघटना होती, त्यांनाच हे करता आले. अकरा महिन्यांच्या करारावर असलेली परिचारिका रुग्णाच्या बाजूने वरिष्ठांशी भांडेल, चुकीच्या आदेशाला नकार देईल, झालेली चूक लपवू न देता सांगून टाकील, ही अपेक्षा आचारसंहितेत लिहायला सोपी आहे. करार वाढवणारी सही ज्याच्या हातात असते, त्याच्याविरुद्ध बोलणे तेवढे सोपे नसते. कायम नोकरीत कामचुकारही पोसले जातात, हे मान्य केले पाहिजे. पण कामचुकाराला काढण्याचा मार्ग सुधारणे वेगळे आणि सगळ्यांनाच अधांतरी ठेवणे वेगळे.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. ती अवघड आहे. लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना शांतपणे जाऊ द्यावे अशी याचिका केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मात्र काटेकोर अटींखाली जीवरक्षक उपाय थांबवण्याची वाट त्याच निकालाने खुली केली, आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे म्हटले. रोज भरवणाऱ्या-पुसणाऱ्या हातांना रुग्णाविषयी जे कळते ते ज्ञान आहे, अशी मान्यता न्यायालयाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिली. तरीही प्रश्न उरतो. रुग्ण परिचारिकेच्या मायेच्या केंद्रस्थानी असणे आणि रुग्णाची स्वतःची इच्छा केंद्रस्थानी असणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. अरुणा शानबाग यांना काय हवे होते, हे कोणालाही विचारता येत नव्हते. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. तो कागद करून ठेवणारे आज मूठभरच असतील. अशा वेळी अत्यवस्थ रुग्ण रात्री तीन वाजता पुटपुटतो ते ऐकायला खाटेशेजारी कोण असते, याला फार महत्त्व आहे.

महाराष्ट्रात मात्र वारे उलट दिशेने वाहत आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या. बाह्यस्रोतांतून, म्हणजे ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीला त्यांचा विरोध हे त्याचे प्रमुख कारण होते. खासगी रुग्णालयांची स्थिती तर याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही तो २०,००० रुपयांखाली जाऊ नये, अशी शिफारस या समितीने केली. केरळने, तेथील परिचारिकांच्या मोठ्या लढ्यानंतर, २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतर बहुतेक राज्यांत ती शिफारस, शिफारसच राहिली. इकडे २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. परदेशी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. तिच्या श्रमाची किंमत तेथे कळते. मात्र आपल्या वॉर्डांतील जागा रिकाम्या असताना सरकारनेच या पाठवणीत पुढाकार घ्यावा, याला नियोजन कसे म्हणावे?

जबाबदारीची वाटणीही अशीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे रुग्ण दगावले. त्यानंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्यास व परिचारिकांना अटक झाली. कर्तव्यात कोणी कसूर केली असेल तर ती न्यायालयात ठरेल. परंतु आगप्रतिबंधक यंत्रणा बसवण्याचा निर्णय परिचारिकेच्या हाती नसतो, आणि असा निर्णय रखडवणाऱ्याच्या हातात बेडी पडल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. पाचशे लोकांमागे एक परिचारिका असावी, हे त्यांच्या समितीचे दूरचे उद्दिष्ट होते. संख्येच्या बाबतीत देश तेथून फार पुढे आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परिचर्या महाविद्यालयांतून दर वर्षी मोठ्या संख्येने मुली आणि आता मुलेही बाहेर पडतात. तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब आता चालणार नाही. पदे भरली जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. संसदेने २०२३ साली परिचर्या व सुईणकाम यांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला. त्याचा रोख शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचार यांवर आहे. परिचारिकेने कसे वागावे हे कायद्याने सांगितले जाणार असेल, तर तिच्याकडे किती रुग्ण असावेत हेही कायद्यानेच बांधून देणे क्रमप्राप्त आहे. परिचर्या परिषदेचे प्रमाण कागदावर आहेच; त्याला बंधनकारक करण्याचे काम राज्य विधिमंडळ करू शकते. त्यासाठी पैसा लागेल आणि तो आज ना उद्या अंदाजपत्रकात दाखवावाच लागेल.

तोवर एक अगदी स्वस्त गोष्ट करता येण्यासारखी आहे. फ्रान्सिस अहवालानंतर २०१४ पासून इंग्लंडमधील रुग्णालयांना प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फलक लावावा लागू लागला. या पाळीत किती परिचारिका असायला हव्या होत्या आणि प्रत्यक्ष किती आहेत, हे त्यावर रोज लिहायचे. आपल्याकडे रेशनच्या दुकानाला साठ्याचा फलक लावण्याची सक्ती आहे. गहू किती आला आणि किती शिल्लक आहे हे ग्राहकाला वाचता येते. तसाच एक काळा फळा जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर टांगावा. त्यावर खाटा किती, रुग्ण किती, परिचारिका किती हव्यात आणि आज किती हजर आहेत, हे चार आकडे परिसेविकेने पाळी बदलताना खडूने लिहावेत. आमदार आणि पालकमंत्री पाहणीला येतील, तेव्हा तो फळा पुसला जाणार नाही एवढी मात्र दक्षता घ्यावी लागेल.